जमिनीखालचे अन्न, वाफेवरचा गोडवा



महाशिवरात्र जवळ आली की हैदराबादेत मेहदीपट्टणमच्या वा एर्रगड्ड्याच्या रयतू बाजारात रताळ्यांचे ढीग लागतात. हिंदू शेजाऱ्यांच्या घरी उपवासाला रताळी उकडली जातात. बहुधा त्याच सुमारास आपला प्रायश्चित्तकाळही सुरू होतो. राखेचा बुधवार येतो, खाण्यापिण्याला लगाम बसतो आणि आपल्या चुलीवरही रताळे चढते. पण शिवरात्र सरली की मागणी ओसरते. ज्याच्या शेतात अजून दोन वाफे काढायचे राहिले आहेत, तो शेतकरी मिळेल त्या भावाला माल देऊन मोकळा होतो. उरलेले कंद भुंगा खातो, नाहीतर गुरे खातात.

आपण कंदाला फार तर उकडतो, भाजतो किंवा त्याचा कीस करतो. त्यापलीकडे आपल्या बहुतेक घरांत त्याची मजल जात नाही. जगात एक कॅथलिक देश असा आहे की जेथे या कंदांपासून वाफेवरच्या गोड पदार्थांची मोठी परंपरा उभी राहिली आहे. तो देश म्हणजे फिलिपाईन्स. तेथील आयाबायांनी हे कसे साधले, त्यातले आपल्याला काय घेता येईल आणि घेताना कोणती सावधगिरी बाळगली पाहिजे, याचा विचार या वेळी करू.

एकाच मुळाची दोन नावे

ज्या कंदापासून आपला साबुदाणा तयार होतो त्याला मराठीत साबुकंद म्हणतात. तेलुगूत त्याचे नाव कर्र पेंडलम. कर्र म्हणजे काठी किंवा लाकूड आणि पेंडलम म्हणजे कोनफळाच्या जातीचा कंद. फिलिपाईन्समध्ये याच मुळाला कामोतेंग काहॉय म्हणतात. कामोते म्हणजे रताळे आणि काहॉय म्हणजे लाकूड. म्हणजे गोदावरीकाठच्या शेतकऱ्याने त्याला लाकडी कंद म्हटले आणि हजारो मैलांवरच्या मनिलाच्या शेतकऱ्याने त्याला लाकडी रताळे म्हटले. दोघांनीही एकच गोष्ट पाहिली : हे पीक वेलीचे नाही, काडीचे आहे, आणि काडी तोडून जमिनीत खोवली की ते उगवते.

या मुळापासून फिलिपिनो लोक जे वाफवलेले गोड पदार्थ करतात त्यांपैकी दोन विशेष प्रसिद्ध आहेत. पहिला पिची-पिची. साबुकंदाचा कीस, साखर आणि पाणी एकत्र करून लहान वाट्यांत घालतात व वाफवतात. शिजल्यावर तो काचेसारखा अर्धपारदर्शक व लवचिक होतो. मग त्याचे गोळे ताज्या खवलेल्या नारळात घोळवतात. दुसरा सुमान. यात साबुकंदाचा कीस, नारळाचे दूध व साखर केळीच्या पानात गुंडाळून उकडतात. आपल्या कोकण-गोव्याकडे हळदीच्या पानात पातोळ्या उकडतात, केरळात साबुकंदाच्या पिठाचे पुट्टू वाफवतात, त्यांचीच ही भावंडे म्हणावीत. पान, वाफ, नारळ आणि गोड, ही रीत समुद्रकाठच्या सगळ्याच लोकांना सुचलेली दिसते.

जहाजातून आलेले उपवासाचे अन्न

रताळे आणि साबुकंद ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातील. कामोते हा शब्ददेखील मेक्सिकोतील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आला. 1565 पासून 1815 पर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षे, स्पॅनिश जहाजे मेक्सिकोतील आकापुल्को बंदर आणि मनिला यांच्यामध्ये ये-जा करीत होती. त्या जहाजांतून धर्मगुरू आले, चांदी आली, आणि मेक्सिकोतील कंदही आले.

आपल्याकडे हे काम पोर्तुगिजांनी केले. सतराव्या शतकात त्यांनी साबुकंद केरळच्या किनाऱ्यावर आणला. 1880 ते 1885 या काळात त्रावणकोरच्या गादीवर असलेल्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी गरिबांचे अन्न म्हणून त्याच्या लागवडीला उत्तेजन दिले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, तेव्हा या मुळाने त्रावणकोरातील असंख्य कुटुंबांना जगवले. त्याच युद्धामुळे मलायाकडून येणारा ताडाच्या जातीच्या झाडाचा खरा साबुदाणा बंद झाला आणि तमिळनाडूतील सेलम येथे साबुकंदापासून साबुदाणा करण्याचा धंदा वाढला. पुढे पूर्व गोदावरी जिल्ह्यात पेद्दापुरम आणि सामलकोट भागातही साबुदाण्याच्या गिरण्या निघाल्या.

तेव्हा एक गंमत ध्यानात घ्यावी. ज्या साबुदाण्याच्या खिचडीवाचून मराठी घरातला उपवास पुरा होत नाही, तो साबुदाणा आणि त्याच्या जोडीचे रताळे, बटाटा, शेंगदाणा व मिरची ही सर्व परदेशातून जहाजांनी आली. अन्नाला जात नसते आणि देशही नसतो. ते ज्या मातीत रुजते तिचे होते.

हैदराबाद आणि फिलिपाईन्स यांचा आणखी एक संबंध शेतकऱ्यांनी जाणून घेण्यासारखा आहे. शहराजवळ पटांचेरू येथे 1972 साली इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. 2000 ते 2014 अशी पंधरा वर्षे तिचे महासंचालक विल्यम दार हे फिलिपिनो शास्त्रज्ञ होते. ही संस्था कंदांवर नव्हे, तर ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग या पिकांवर काम करते. परंतु या लेखाशी त्या पिकांचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

गुड फ्रायडेचे पातेले

फिलिपाईन्समधील व्हिसाया बेटांवर गुड फ्रायडेला बिनिग्नित नावाचा पदार्थ करतात. रताळे, अळकुडी, जांभळे कोनफळ, केळी आणि साबुदाणा नारळाच्या दुधात एकत्र शिजवतात. मोठे पातेले चढते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले जाते. त्या दिवशी मांस वर्ज्य, म्हणून शेतात आणि परसात जे जमिनीखाली आहे ते वर येते.

तसेच नाताळापूर्वी 16 ते 24 डिसेंबरपर्यंत तेथे पहाटेच्या मिस्सांची नोव्हेना असते. मिस्सा संपली की चर्चच्या बाहेर वाफेवरचे गोड पदार्थ विकणाऱ्या बाया बसलेल्या असतात. थंडीत उठून आलेले भाविक गरम घास घेऊन घरी जातात. प्रार्थना, शेत आणि चूल यांची अशी जोड जेथे असते तेथे शेतमालाला गिऱ्हाईकही आपोआप मिळते.

येथे एक सूचना करावीशी वाटते. राखेचा बुधवार व गुड फ्रायडे या दोन दिवशी अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांनी, साठाव्या वर्षात पदार्पण करेपर्यंत, एकच पूर्ण जेवण घ्यावे असा धर्मसभेचा नियम आहे. उपवासाच्या नावाखाली गोडाधोडाचा फराळ करावा असा या लेखाचा हेतू नाही. साधे अन्न नीट शिजवावे आणि ते वाटून खावे, एवढेच बिनिग्नितच्या पातेल्यापासून शिकावयाचे आहे.

पोट भरते, पण अंग धरते का?

हैदराबादेत तारनाका येथे राष्ट्रीय पोषण संस्था आहे. ती 1918 साली कुन्नूर येथे सुरू झालेल्या एका लहान प्रयोगशाळेतून वाढली, 1958 साली हैदराबादला आली आणि 1969 पासून सध्याच्या नावाने ओळखली जाते. भारतीय खाद्यपदार्थांचे पृथक्करण करून या संस्थेने जी कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांपैकी जुन्या प्रसिद्ध कोष्टकातले आकडे असे : 100 ग्रॅम ताज्या साबुकंदात 157 उष्मांक असतात, पण प्रथिने केवळ 0.7 ग्रॅम. रताळ्यात 120 उष्मांक आणि 1.2 ग्रॅम प्रथिने. सुरणात 79 उष्मांक आणि 1.2 ग्रॅम प्रथिने. अळकुडीत 97 उष्मांक आणि 3 ग्रॅम प्रथिने. साबुदाण्यात तर 351 उष्मांक आणि प्रथिने जवळजवळ नाहीतच, 0.2 ग्रॅम.

याचा अर्थ सरळ आहे. कंद हे चुलीतल्या लाकडासारखे आहेत, त्यांच्यापासून ऊब मिळते. पण घर बांधायला विटा लागतात, आणि त्या विटा म्हणजे प्रथिने. ती डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी व मासे यांतून मिळतात. ज्या लेकराला दिवसभर नुसता साबुकंद किंवा साबुदाणा मिळतो त्याचे पोट भरलेले दिसते, पण त्याची वाढ खुंटते. म्हणून कंदाच्या ताटात तूर, हरभरा किंवा भुईमूग यांपैकी काहीतरी हवेच. आपली कोरडवाहू डाळ आणि बागायती कंद ही एका जोखडाची दोन बैले आहेत, असे समजावे.

रताळ्याविषयी आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या रताळ्याचा गर आतून नारिंगी असतो त्यात कॅरोटीन असते व शरीर त्याचे अ जीवनसत्त्व करते. या जीवनसत्त्वाच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो आणि डोळे कायमचे जाऊ शकतात. भारत सरकारने 1970 साली मुलांना अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याची जी योजना सुरू केली, तिच्यामागे हैदराबादच्या याच पोषण संस्थेचे संशोधन होते. आफ्रिकेत नारिंगी रताळ्याचा प्रसार करणाऱ्या शास्त्रज्ञांना 2016 साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तोही याच कारणासाठी. आपल्याकडे तिरुवनंतपुरमच्या केंद्रीय कंदपीक संशोधन संस्थेने भू सोना ही नारिंगी गराची जात काढली आहे. पांढऱ्या गराच्या रताळ्यात मात्र कॅरोटीन फारच थोडे असते.

कॅरोटीन अंगी लागण्यासाठी अन्नात थोडी स्निग्धता लागते. वाफवलेल्या रताळ्याला नारळाची जोड देणाऱ्या फिलिपिनो बाईने हे पुस्तकात वाचले नव्हते, पण तिची रीत बरोबर आहे.

मधुमेह असलेल्यांनी हे गोड पदार्थ सणाच्या दिवशीही जपूनच खावेत. भाजलेल्या रताळ्यापेक्षा उकडलेले रताळे रक्तातील साखर सावकाश वाढवते, पण त्यात गूळ घातला की तो हिशेब बिघडतो. अशांनी नुसते उकडलेले रताळे, तेही बेताने, जेवणातील भाताच्या किंवा भाकरीच्या ऐवजी घ्यावे.

साबुकंदाचे विष व त्यावरचा उपाय

रताळ्यात हा धोका नाही, पण साबुकंदात आहे, आणि हे न सांगता कृती देणे पाप होईल. साबुकंदाच्या मुळात, सालीत आणि पानांत असे एक द्रव्य असते की मूळ चिरले किंवा किसले म्हणजे त्यातून सायनाइडचा विषारी वायू सुटतो. गोड जातींत ते थोडे असते, कडू जातींत पुष्कळ. साबुदाण्याच्या गिरणीसाठी लावलेल्या जाती बऱ्याचदा कडसर असतात. म्हणून घरात शिजवण्यासाठी साबुकंद घेताना तो खाण्याच्या जातीचा आहे ना, हे विचारून घ्यावे. श्री जया व श्री विजया या खाण्यासाठी चांगल्या आणि सहा-सात महिन्यांत तयार होणाऱ्या जाती आहेत.

पुढील नियम कधीही मोडू नयेत :

1. साबुकंद कच्चा खाऊ नये, मुलांना तोंडात घालू देऊ नये.

2. वरची पातळ तपकिरी साल आणि तिच्याखालची जाड पांढरी किंवा गुलाबी साल, या दोन्ही काढाव्यात. मधला दोराही काढावा.

3. गर धुऊन किसावा. कीस ओला असतानाच पसरट भांड्यात दोन-तीन तास उघडा ठेवावा. विषारी वायू याच वेळात उडून जातो. नंतर फडक्यात घालून घट्ट पिळावा व निघालेले पाणी टाकून द्यावे. ते गुरांना पाजू नये.

4. उघड्या, हवेशीर जागी वाफवावे आणि पूर्ण शिजू द्यावे.

5. चव कडू लागली तर तो घास थुंकावा आणि सगळे भांडे टाकून द्यावे. पैशाकडे पाहू नये.

6. शेळ्यामेंढ्यांना साबुकंदाचा ताजा पाला किंवा साली घालू नयेत.

साबुकंद खाल्ल्यावर डोके गरगरणे, उलट्या होणे, धाप लागणे असे काही दिसले तर घरगुती उपायात वेळ न दवडता रोग्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

हे भय नुसते कागदावरचे नाही. 1981 साली मोझांबिक देशात दुष्काळ पडला. लोकांजवळ कडू साबुकंदाशिवाय दुसरे काही नव्हते आणि तो नीट भिजवून-वाळवून घेण्याइतका धीरही उरला नव्हता. शेकडो बायकामुलांचे पाय कायमचे लुळे पडले. ज्यांच्या अन्नात डाळ, मासे अशी प्रथिने असतात त्यांचे शरीर थोडेफार विष निकामी करू शकते, भुकेल्यांचे करू शकत नाही. डाळीची जोड हवी, हे वर सांगितले त्याचे हेही एक कारण आहे.

बोहोल आणि बिहार

फिलिपाईन्समधील बोहोल बेटावर माबिनी गावच्या एका शाळेत 9 मार्च 2005 रोजी मुलांनी मधल्या सुट्टीत साबुकंदाचे तळलेले गोड वडे विकत घेऊन खाल्ले. थोड्याच वेळात मुले कोसळू लागली. पंचवीसहून अधिक मुले दगावली आणि शंभराच्या आसपास मुलांना इस्पितळात न्यावे लागले. पहिला संशय साबुकंदावर गेला. देशभर लोक त्या मुळाला घाबरू लागले. परंतु तपासणीत जे निघाले ते कंदातले विष नव्हते. ते शेतीत वापरले जाणारे कार्बामेट जातीचे कीटकनाशक होते. ते खाद्यात मिसळले गेले होते.

आपल्या देशातही असेच घडले. 16 जुलै 2013 रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन गावी शाळेच्या दुपारच्या जेवणातून 23 मुले मरण पावली. त्या जेवणात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले.

शेतकरी बंधूंनो, या दोन गावांतील मुलांची आठवण ठेवून आज घरी जाल तेव्हा एक काम करा. औषधाचा डबा, पुडी, बाटली कोठे ठेवली आहे ते पाहा. ती माजघरात, फडताळात, पिठाच्या डब्याजवळ असेल तर आजच हलवा. कीटकनाशक मूळ डब्यातच राहू द्या, दुसऱ्या बाटलीत ओतू नका. रिकामा डबा धुऊन तेल, पीठ, पाणी भरायला वापरू नका. त्याला भोके पाडून तो निकामी करा. पांढरी पूड म्हटली की स्वयंपाकघरात पीठ आणि गोठ्याच्या आढ्यावर औषध, दोन्ही सारखीच दिसतात. अंधारात, घाईत, म्हाताऱ्या नजरेला फरक कळत नाही. औषधाला कुलूप हवे आणि किल्ली मोठ्या माणसाजवळ हवी. ही जागरूकता हीसुद्धा शेजाऱ्यावर केलेली प्रीतीच आहे.

तीन कृती

पहिली, पिची-पिची. वरील नियमांप्रमाणे तयार केलेला साबुकंदाचा कीस 2 वाट्या, किसलेला गूळ पाऊण वाटी, स्वच्छ पाणी दीड वाटी, चिमूटभर मीठ आणि वेलची. गूळ पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. त्यात कीस मिसळून, तूप लावलेल्या लहान वाट्यांत किंवा इडलीपात्रात घालावा. भरपूर वाफेवर सुमारे पाऊण तास शिजवावे. मधला भाग पांढरा न दिसता अर्धपारदर्शक झाला की शिजले असे समजावे. पूर्ण गार झाल्यावरच काढावे, नाहीतर चिकटते. मग खवलेल्या ताज्या नारळात घोळवावे. फिलिपाईन्समध्ये त्यात थोडे खाराचे पाणी घालतात, त्याने पदार्थ अधिक लवचिक होतो. आपण ते घालू नये. खाराचे प्रमाण चुकले तर घसा भाजतो, आणि त्यावाचून काही अडत नाही.

दुसरी, पानातला सुमान. साबुकंदाचा कीस 2 वाट्या, घट्ट नारळाचे दूध पाऊण वाटी, गूळ पाऊण वाटी, मीठ चवीपुरते. केळीचे पान विस्तवावर धरून मऊ करावे म्हणजे ते फाटत नाही. त्यावर मिश्रण बोटभर जाडीचे लांबट पसरून गुंडाळावे, दोन्ही टोके दुमडावीत आणि मोदकपात्रात सुमारे पाऊण तास उकडावे.

तिसरी, रताळ्याची पानगी. ज्यांना साबुकंद मिळत नाही किंवा त्याची भीती वाटते त्यांनी ही करावी. मुलांसाठीही हीच उत्तम. रताळ्याचा कीस 2 वाट्या, तांदळाचे पीठ 1 वाटी, गूळ पाऊण वाटी, खवलेला नारळ अर्धी वाटी, भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट अर्धी वाटी, वेलची व मीठ. सर्व एकत्र मळून हळदीच्या किंवा केळीच्या पानात थापावे व अर्धा तास वाफवावे. शेंगदाण्यांच्या कुटामुळे प्रथिनांची उणीव काही अंशी भरून निघते.

कोनफळ मिळाल्यास तेही वापरता येते. फिलिपिनो लोक ज्याला उबे म्हणतात ते हेच जांभळे कोनफळ. त्याने कच्चेपणी हाताला खाज सुटते, म्हणून सालीसकट उकडून मग सोलावे, कुस्करून नारळाचे दूध व गूळ घालून आटवावे.

नारळ घातलेले हे पदार्थ हैदराबादच्या उन्हाळ्यात टिकत नाहीत. सकाळी केलेले संध्याकाळच्या आत संपवावेत.

शेतात काय करावे

रताळे हे कमी खर्चाचे, तीन ते चार महिन्यांचे पीक आहे. निरोगी वेलीच्या शेंड्याकडील 20 ते 30 सेंटिमीटर लांबीचे तुकडे 60 सेंटिमीटर अंतरावरच्या सरीच्या वरंब्यावर, 20 सेंटिमीटर अंतराने लावावेत. नत्र जास्त दिले तर वेल माजतो आणि खाली कंद धरत नाहीत. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे भुंगा. त्यासाठी वेळेवर भर घालून कंद मातीने झाकलेले ठेवावेत, त्याच रानात लागोपाठ रताळे घेऊ नये, कामगंध सापळे लावावेत, काढणी लांबवू नये आणि किडके कंद शेतात न सोडता नष्ट करावेत. किडकी व बुरशी आलेली कडू रताळी गुरांनाही घालू नयेत, त्यांनी जनावरांची फुप्फुसे निकामी होतात. फिलिपाईन्समध्ये रताळ्याच्या कोवळ्या शेंड्यांची भाजी आवडीने खातात. आपणही ती करून पाहावी.

साबुकंदाला निचऱ्याची जमीन लागते, साचलेले पाणी चालत नाही. पक्व काडीच्या मधल्या भागाचे 15 ते 20 सेंटिमीटरचे तुकडे 90 बाय 90 सेंटिमीटर अंतरावर लावावेत. पाने आकसलेली, पिवळ्या चट्ट्यांची असतील तर तो केवडा रोग होय. अशा झाडाची काडी बेण्याला घेऊ नये. आणखी एक अडचण लक्षात ठेवावी. उपटलेला साबुकंद दोन-तीन दिवसांतच आतून निळसर-काळा पडतो. म्हणून गिऱ्हाईक ठरल्याशिवाय उपटू नये. रोप जमिनीत असेपर्यंत कंद जमिनीतच सुरक्षित राहतो.

हैदराबादजवळ राजेंद्रनगर येथे कंदपिकांच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचे केंद्र आहे. मराठवाड्यातील व आदिलाबाद-निजामाबादकडील बांधवांनी बेण्यासंबंधी तेथे किंवा आपल्या जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी.

धर्मग्रामात काय करता येईल

एकट्या शेतकऱ्याला दहा किलो रताळ्यांसाठी बाजारात उभे राहणे परवडत नाही. पण धर्मग्रामातील महिला मंडळाने चार-पाच घरांचे कंद एकत्र घेतले, रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात पानग्या आणि पिची-पिची मांडल्या, तर शिवरात्रीनंतर मातीमोल होणारा माल घरच्या घरी खपेल. सुरुवात रताळ्यापासून करावी. साबुकंदाचा पदार्थ विकावयाचा झाल्यास ज्या बायांनी तो घरी अनेकदा नीट केला आहे त्यांनीच करावा. नियमित विक्रीसाठी अन्नसुरक्षा नोंदणी करून घ्यावी. कंद, गूळ, नारळ, जळण आणि मजुरी यांचा खर्च वहीत मांडावा. वहीत न मांडलेला नफा हा बहुधा नफा नसतोच. मजुरी लिहिण्यास बायांनी संकोच करू नये. पहाटे चार वाजता उठून केलेले श्रम फुकट नसतात.

आणि एक वाटी शेजारच्या घरी पाठवावी. आपला प्रायश्चित्तकाळ आणि त्यांची शिवरात्र पुष्कळदा एकाच महिन्यात येतात, आणि दोन्ही घरांत तेच रताळे शिजते.

गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेल्यावाचून फळ देत नाही, ही प्रभूची शिकवण आपण दर वर्षी ऐकतो. कंद तर सारे आयुष्य अंधारातच वाढतो आणि एक दिवस कोणाच्या तरी भुकेसाठी वर काढला जातो. तो नीट सोलून, नीट शिजवून, शेजाऱ्याला वाटून खाऊ या. आणि औषधाच्या डब्याला आज रात्रीच कुलूप लावू या.